किट स्वस्त, वऱ्हाड महाग: हौशी गाडी बांधताना ‘वरच्या’ सुट्या भागांचं बजेट

ज्यांना इअरफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मध्ये मध्ये आलेलं ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात त्याला’ तेवढं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गाड्यांवर बोललो की एक प्रश्न हमखास येतो: “दादा, स्वतः गाडी बांधायची तर एकूण किती खर्च येईल?” एका आकड्यात उत्तर देणं सोपं आहे, पण तो आकडा तुमच्या उपयोगाचा नसेल. तुमची गाडी वेगळी, तुमची हत्यारं वेगळी, तुमचा वेल्डर वेगळा. म्हणून आज आकडा काढायची रीत सांगतो. त्यातही मुख्य गाडीचं नाही, तर ‘वरच्या’ भागांचं सांगतो. कारण बजेट फुटतं ते तिथेच.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी सणसवाडीत राहतो, बी.टेक. केलंय, नोकरी सॉफ्टवेअरची. कॉलेजात बाहाच्या टीममध्ये होतो. बाहा म्हणजे एसएई इंडियाची स्पर्धा: इंजिनिअरिंगची पोरं खडकाळ रस्त्यावर पळणारी एक सीटची गाडी स्वतः बांधतात. २००७ पासून आपल्याकडे ती भरते, इंदूरजवळच्या पिथमपूरचं नाव त्यामुळेच आपल्या पोरांच्या तोंडी असतं. टीममध्ये वेल्डिंग करणारे वेगळे होते, खर्चाचा तक्ता माझ्याकडे होता. त्यामुळे हे सगळं एक्सेल शीटवाल्याच्या नजरेतून ऐका.

किट म्हणजे नेमकं काय

किट कार म्हणजे कंपनी तुम्हाला चॅसिस, बॉडी आणि काही भाग पेटीत घालून देते, आणि जोडायचं तुम्ही. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, स्टिअरिंग हे बऱ्याचदा एका जुन्या गाडीतून काढून घ्यायचं असतं. त्या जुन्या गाडीला डोनर गाडी म्हणतात.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे इंग्लंडची लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ती १९५७ मध्ये आणली. तिकडे तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या किटवर तो वाचायचा. अट अशी होती म्हणतात की किटबरोबर जोडणीची माहिती द्यायची नाही. मग कंपनी गाडी ‘सुटी कशी करायची’ याची माहिती देई आणि लोक ती शेवटाकडून वाचत! १९७३ मध्ये इंग्लंडात करपद्धत बदलली, तो फायदा संपला, आणि त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. ती गाडी त्या नावाने पुढे चालू राहिली.

मग १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या इंग्रज माणसाचं पुस्तक आलं. त्याच्या नावातच दावा होता, की फक्त २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा. हौशी लोकांनी ते डोक्यावर घेतलं. पण तो आकडा नीट वाचा. त्यामागे काय काय गृहीत आहे? जुनी फोर्ड एस्कॉर्ट भंगाराच्या भावात मिळाली पाहिजे, तिचे जास्तीत जास्त भाग तसेच वापरता आले पाहिजेत, चॅसिसचं वेल्डिंग स्वतः करता आलं पाहिजे, आणि हत्यारं घरात आधीपासून पाहिजेत. यातली एक अट सुटली की आकडा वर जातो. प्रत्येक स्वस्त आकड्याच्या पोटात अशा अटी असतात. त्या आपण शोधायच्या असतात, विकणारा सांगत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही या घराण्याची गाडी झाली. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धाटणीची फायबरग्लास बॉडीची रोडस्टर बनवली. तिला १.८ लिटरचं इसुझू इंजिन होतं, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या अँबॅसिडरमध्ये येत होतं तेच. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. टॅक्सीवाल्यांच्या गाडीतलं इंजिन असलं की गॅस्केट, फिल्टर, बेल्ट, होज पाइप यांच्यासाठी परदेशात मेल करत बसावं लागत नाही. डोनर निवडताना ‘इंजिन किती ताकदीचं’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न: याचा वॉटर पंप नाना पेठेत मिळतो का?

आपल्याकडचं ताजं उदाहरण: स्प्लेंडरचं किट

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही बातमी पाहिली असेल. ठाण्याच्या गोगोए१ कंपनीने हिरो स्प्लेंडर इलेक्ट्रिक करायचं आरटीओमान्य किट आणलं. तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरला तो आकडा ३५,००० रुपये. वर १८ टक्क्यांनी ६,३०० रुपये जीएसटी, म्हणजे ४१,३००. आणि बॅटरी? ती वेगळी. बॅटरी धरली की खर्च सुमारे ९५,००० च्या घरात. गाडी अर्थात तुमचीच.

इथे कंपनीने काही लपवलेलं नाही. सगळं बातमीतच लिहिलेलं होतं. पण आपल्या डोक्यात राहतो तो पहिला आकडा. पस्तीस हजार ऐकून घरी परवानगी घेतली आणि नंतर पंचाण्णव सांगावे लागले, तर चूक किटची नाही, आपल्या पहिल्या वाक्याची. घरात वडिलांनी “एकूण किती?” विचारलं, तर त्या ‘एकूण’चं उत्तर द्यायचं असतं, पेटीचं नाही.

नवरदेव एक, वऱ्हाड शंभर

आपल्याकडे म्हणतात ना, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून. त्यात तिसरं नाव घाला: गाडी. लग्नात नवरदेव एकच येतो, पण जेवायला वऱ्हाड शंभराचं असतं. सुट्या भागाचंही तसंच. प्रत्येक मोठा भाग आपलं वऱ्हाड घेऊन येतो.

ब्रेकचं उदाहरण घेऊ. समजा चारही चाकांना डिस्क ब्रेक लावायचेत. यादीत आपण लिहितो: मास्टर सिलिंडर १, डिस्क ४, कॅलिपर ४, पॅडचे सेट. झालं? आता फक्त कॅलिपरपाशी थांबून बघा. प्रत्येक कॅलिपरला एक लवचीक होज. तो होज बसवायला एक बँजो बोल्ट, म्हणजे मधून पोकळ असलेला, ज्यातून ऑइल जातं तो. त्या बोल्टला होजच्या डोक्याच्या वर एक आणि खाली एक अशी दोन तांब्याची वायसर. होजचं दुसरं टोक चॅसिसवर धरायला एक पट्टी, आणि ते अडकवायला एक क्लिप. म्हणजे एका चाकाला सहा नग. चार चाकांना चोवीस. चार कॅलिपर लिहिले आणि चोवीस नग लिहायचे राहिले!

आणि अजून लोखंडी पाइप, त्याची टोकं, त्याचे नट, टी-जोड, ब्रेक लाइटचा स्विच, पेडलची स्प्रिंग हे धरलेलंच नाही. वर ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने उघडा पडलेला डबा पुन्हा वापरायचा नसतो. पहिल्यांदा जोडणी केली की कुठेतरी पाझरतं, सुटं करावं लागतं, पुन्हा हवा काढावी लागते. म्हणून ऑइल दुप्पट धरायचं. तांब्याची वायसर दाबली जाऊन बसते, उघडली की नवी टाकायची. तीही दुप्पट.

एकेक नग स्वस्तच असतो, खरंय. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे असे नग शेकड्यांनी असतात. दुसरं म्हणजे एक नग नसला तर काम थांबतं. सणसवाडीहून नाना पेठ तीसेक किलोमीटर. वाघोलीचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीय. चार तांब्याच्या वायसरसाठी रविवारची अर्धी सकाळ आणि पेट्रोल गेलं, तर त्या वायसरची खरी किंमत किती पडली?

आमच्या भागातल्या कारखान्यांकडे बघा. रांजणगावच्या एमआयडीसीत २०१७ पासून जीप कंपास बनते. चाकणला मर्सिडीजच्या गाड्या परदेशातून सुट्या भागांत येतात आणि इथे जोडल्या जातात. एका अर्थाने तीही किटच! पण तिथे कुणी बोल्ट शोधत फिरत नाही, कारण प्रत्येक भागाबरोबर त्याचा बोल्ट, त्याची क्लिप, त्याचा स्टिकर यादीत नावानिशी लिहिलेला असतो. या यादीला बिल ऑफ मटेरियल, थोडक्यात बॉम म्हणतात. असेंब्लीवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, एक क्लिप कमी आली तरी लाइन थांबते. तुमच्या शेडमध्येही लाइन थांबते. फक्त तिथे भोंगा वाजत नाही, गाडीवर ताडपत्री येते.

भाग मोजू नका, सांधे मोजा

मग ही यादी आपण कशी करायची? माझी रीत सॉफ्टवेअरमधून आली आहे. प्रोग्राम लिहिताना एकेक तुकडा सहसा बरा चालतो, घोळ होतो तो दोन तुकडे जोडताना. गाडीत तर हे अक्षरशः खरं आहे. म्हणून भागांची यादी झाली की दुसरा कागद घ्या आणि सांध्यांची यादी करा. इंजिन आणि चॅसिस, एक सांधा. इंजिन आणि रेडिएटर, दुसरा. पेडल आणि मास्टर सिलिंडर, तिसरा. प्रत्येक सांध्याला पाच प्रश्न विचारा:

१. याला धरतं काय? बोल्ट, नट, वायसर, पट्टी, ब्रॅकेट.
२. यातून वाहतं काय? पेट्रोल, पाणी, ऑइल, करंट, हवा. आणि ते कशातून वाहतं? होज, पाइप, वायर, कनेक्टर.
३. गळू नये म्हणून काय आहे? गॅस्केट, सील, ओ-रिंग, क्लिप.
४. इथे काही हलतं का? मग बुश, बेअरिंग, ग्रीस, रबर.
५. इथे तापतं, घासतं किंवा गंजतं का? मग स्लीव्ह, पत्र्याची आड, प्रायमर, रंग.

इंजिन आणि रेडिएटर या एका सांध्यावर प्रयोग करून बघा. डोनर इंजिनचं पाण्याचं तोंड एका मापाचं, रेडिएटरचं दुसऱ्या मापाचं. म्हणजे मधे माप बदलणारा जोड हवा. होजला दोन टोकं, दोन क्लिपा. वरचा होज, खालचा होज, हिटर नसेल तर ती तोंडं बंद करायला बूच. पंखा, पंख्याचा रिले, रिलेचा फ्यूज, तापमानाचा स्विच, त्याची वायर. कूलंट. रेडिएटरखाली रबर. ‘रेडिएटर १ नग’ असं लिहून आपण मोकळे झालो होतो!

नट-बोल्टबद्दल एक वेगळं सांगतो, कारण तिथे पैसे वाचवण्याचा मोह फार होतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे असतात. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटेपर्यंतची ताकद, मेगापास्कलमध्ये. दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती हिश्श्याला बोल्ट कायमचा ताणला जातो. म्हणजे ८.८ चा बोल्ट साधारण ८०० ला तुटतो आणि ६४० ला ताणला जातो. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट या जागी डोक्यावर आकडाच नसलेला बोल्ट लावायचा नाही. आट्यांचं मापही बघा: एम१० चा बोल्ट १.५ च्या आट्याचा असतो तसा १.२५ च्याही असतो. डोनरमधून काढलेला नट आणि दुकानातला बोल्ट जमेलच असं नाही. आणि नायलॉनची रिंग असलेला नायलॉक नट एकदा काढला की महत्त्वाच्या जागी नवा टाका.

खर्चाचे पाच डबे

सांध्यांची यादी झाली की खर्च पाच डब्यांत वाटा. एकाच ‘इतर’ नावाच्या डब्यात सगळं टाकलं की तो डबाच गाडी खातो.

पहिला डबा: किटमध्ये नसलेले भाग. चाकं, टायर, सीट, मीटर, दिवे, आरसे, वायरिंग. विकणाऱ्याकडून ‘काय मिळेल’ ही यादी तर घ्याच, पण ‘काय मिळणार नाही’ ही यादी लेखी मागा.

दुसरा डबा: डोनरमधून आले पण बदलावे लागतील असे भाग. रबर, बुश, बेअरिंग, सील, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, सगळे होज. जुनी गाडी कितीही चालू असली तरी रबराचं वय आपल्याला कळत नाही. इंजिन बाहेर असताना क्लच बदलणं हे तासाचं काम, आत बसवल्यावर दिवसाचं.

तिसरा डबा: जोडणीचा माल. वर सांगितलेलं सगळं वऱ्हाड.

चौथा डबा: संपणारा माल. वेल्डिंग वायर, गॅस, कटिंग व्हील, ड्रिल बिट, पॉलिश पेपर, पोटीन, प्रायमर, थिनर, सीलंट, हातमोजे. याची पावती कुणी ठेवत नाही, म्हणून हा डबा दिसत नाही.

पाचवा डबा: बाहेरची कामं. लेथवरचं टर्निंग, लेझर कटिंग, पाइप वाकवणं, पावडर कोटिंग, आणि टेम्पो. आमच्या सणसवाडी-शिक्रापूर पट्ट्यात या सोयी हाकेच्या अंतरावर आहेत. पण कारखान्यांची शेकड्यांची ऑर्डर घेणाऱ्याला तुमचा एक ब्रॅकेट परवडत नाही. म्हणून सुटी कामं नेऊ नका. पत्र्याचे सगळे तुकडे एकाच ड्रॉइंगमध्ये बसवा आणि एकदाच कापून घ्या. मशीन लावायचे पैसे एकदाच लागतात.

आणि एक फरक लक्षात ठेवा. हे पाच डबे म्हणजे गाडी पूर्ण करायला लागणारे भाग. जादा ठेवायचे, म्हणजे स्पेअर, ते वेगळे. बाहामध्ये चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत असते. तिथे बेल्ट, टाय रॉड असे भाग जादा न्यावेच लागतात. शेतात किंवा ट्रॅकवर महिन्यातून एकदा गाडी काढणाऱ्याला तेवढ्या स्पेअरची गरज नाही. दोन्ही एकात मिसळले की बजेट वाचता येत नाही.

राखीव रक्कम: सरसकट दहा टक्के चालत नाहीत

बरेच जण म्हणतात, “दहा टक्के वर धरा, झालं.” पण ज्या वस्तूची पावती हातात आहे तिच्यावर दहा टक्के कशाला? आणि ज्याची किंमत हवेत काढली आहे त्याला दहा टक्के पुरणार कसे? म्हणून तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक शब्द लिहा: पावती, कोटेशन, अंदाज, माहीत नाही.

माझा ठोकताळा असा: पावतीवर शून्य टक्के, कोटेशनवर १०, अंदाजावर ३०, आणि ‘माहीत नाही’वर १०० टक्के. उदाहरणासाठी ४,००,००० रुपयांचा तक्ता घेऊ. त्यात पावत्या १,८०,००० च्या, राखीव शून्य. कोटेशन १,००,००० चं, राखीव १०,०००. अंदाज ८०,००० चा, राखीव २४,०००. माहीत नाही ४०,०००, राखीव ४०,०००. एकूण राखीव ७४,०००, म्हणजे घरी सांगायचा आकडा ४,७४,०००. सरसकट दहा टक्क्यांनी हा आकडा ४,४०,००० आला असता, आणि शेवटचे ३४,००० मागायला पुन्हा हात पसरावा लागला असता.

या रीतीचा खरा फायदा पुढे आहे. दुकानात फोन केला, कोटेशन आलं, की ती ओळ ‘अंदाज’मधून ‘कोटेशन’मध्ये जाते आणि राखीव रक्कम आपोआप कमी होते. म्हणजे एक रुपया न खर्चता, दोन फोनवर, तुमचं बजेट पक्कं होत जातं. काम सुरू करायच्या आधी ‘माहीत नाही’च्या ओळी एका हाताच्या बोटांवर आल्या पाहिजेत.

परदेशातून भाग मागवणार असाल तर वेबसाइटवरची किंमत विसरा. समजा भाग वाहतुकीसह १०० रुपयांना पडला आणि त्यावर मूळ सीमाशुल्क १५ टक्के आहे. १५ रुपये शुल्क, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार म्हणजे दीड रुपया. झाले ११६.५०. आता जीएसटी या वाढलेल्या रकमेवर लागतो: १८ टक्क्यांनी २०.९७. एकूण १३७.४७. वर कुरिअर कंपनीचा आकार. मूळ शुल्काचा दर भागानुसार बदलतो, तो बघून घ्या, पण गणित याच क्रमाने जातं.

पैसे संपले तर काय अर्धं राहील?

हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, म्हणून जरा हळू बोलतो. पैसे नेहमी शेवटी कमी पडतात. आणि गाडी बांधताना शेवटी काय येतं? ब्रेकची पाइपलाइन, पेट्रोलची लाइन, वायरिंग, सीटबेल्ट. सुरुवातीला इंजिन आणि चकचकीत चाकं घेतलेली असतात, कारण फोटो त्यांचेच निघतात. मग शेवटच्या आठवड्यात कुणीतरी म्हणतं, “अरे, हा जुना होज चालतोय की अजून.” आणि गाडी तर मित्रांनी शेजारी बसून चालवून बघायची असते.

म्हणून ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोल लाइन, सीटबेल्ट आणि आग विझवायचा सिलिंडर यांचे पैसे पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. त्या खात्यातून चाकं येणार नाहीत, रंग येणार नाही. पैसे संपले तर गाडी रंगाविना राहील, सीट रेक्झिनविना राहील. चालेल. ब्रेकविना राहायला नको.

बाकीच्या पैशांचेही टप्पे करा: चॅसिस स्वतःच्या चाकांवर उभी राहणं, इंजिन पहिल्यांदा सुरू होणं, आवारात पहिली फेरी, आणि मग सजावट. एका टप्प्याचे पूर्ण पैसे हातात असल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करायचा नाही. अर्धवट गाडी विकायला गेलात तर वजनाचा भाव मिळतो, मेहनतीचा नाही.

सगळ्यात महाग सुटा भाग: कागद

आता ज्याची किंमत कोणत्याच दुकानात मिळत नाही तो भाग. नोंदणी. सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे त्या गाडीच्या नमुन्याची मान्य संस्थेत तपासणी लागते. अशी एक संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर आहे. पण ही प्रक्रिया कारखान्यांसाठी आखलेली आहे, एकाच हौशी गाडीला तिचा खर्च झेपणं अवघड. “मग जुन्या आरसीवर नवी बॉडी चढवू,” असं कुणी सुचवेल. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ ते अडवतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट हा त्यातला वैध रस्ता. म्हणून तर स्प्लेंडरच्या किटच्या बातमीत ‘आरटीओमान्य’ हा शब्द किमतीपेक्षा मोठा होता.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात? भंगारातल्या भागांतून, मुलाच्या हट्टासाठी, किक मारून सुरू होणारी छोटी जीप त्यांनी बनवली. खर्च सुमारे ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं, पण त्याच दमात लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर अडवतील. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळाली. लोहारांच्या हाताला सलामच. पण त्यातून आपण घ्यायचं ते हे, की साठ हजारांत कल्पकता बसते, नंबर प्लेट बसत नाही. आणि बोलेरो सगळ्यांना मिळत नाही.

म्हणून तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहा: ही गाडी कुठे चालणार? शेतात, ट्रॅकवर, कॉलेजच्या स्पर्धेत? मग बजेट करा, जरूर बांधा. रस्त्यावर चालवायची असेल, तर पहिला रुपया खर्च करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा.

कॉलेजवाल्यांसाठी खास

फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांत हजारपैकी शंभर गुण खर्च आणि उत्पादन या विषयाला असतात. तिथल्या खर्चाच्या अहवालात गाडीचे ठरावीक भाग पाडायची पद्धत आहे: ब्रेक, इंजिन, सस्पेन्शन वगैरे. त्यात एक स्वतंत्र शीर्षक असतं, ‘किरकोळ, जुळवणी आणि फिनिशिंग’. बघा, जगभरातल्या इंजिनिअरांनी किरकोळ गोष्टींना खुर्ची दिली आहे. टीममध्ये कुणाला तरी हा तक्ता सांभाळायला द्या आणि त्याच्या सहीशिवाय खरेदी नको. तो माणूस मित्रांत फार लोकप्रिय राहत नाही, हे स्वानुभवाने सांगतो!

ॲडव्हान्स देण्याआधी

जाता जाता, किटवाल्याला किंवा फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स देण्याआधी हे विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. किटमध्ये काय नाही? नट-बोल्ट धरलेत का, आणि कोणत्या ग्रेडचे? डोनर कोणतं मॉडेल, कोणत्या सालचं? ब्रेक आणि पेट्रोलच्या लाइन तयार येतात की आपण करायच्या? जीएसटी आणि वाहतूक धरून किंमत की सोडून? तुटलेला भाग सुटा मिळतो का? आणि तुमच्याकडून घेऊन पूर्ण झालेली गाडी कुठे बघायला मिळेल?

शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं तर त्या गाडीच्या मालकाला जाऊन भेटा. “किती खर्च आला?” असं विचारू नका, कुणी खरं सांगत नाही. “पेटीत न सापडल्यामुळे शेवटी काय काय विकत आणावं लागलं?” असं विचारा. मग चहा येईल, आणि तुमची यादीही तयार होईल.

तुमच्या तक्त्यात कोणती ओळ ‘माहीत नाही’वर अडकली आहे ते व्हॉइस मेसेजने कळवा. त्यातल्या चारपाच ओळी पुढच्या भागात सोडवू. आणि घरात ज्याने “गाडी बांधतो” म्हणून पैसे मागितलेत, त्याला हा भाग आधी ऐकवा. भेटू या!